उठण्याबसण्याची जागा

१४ जून २०२२, वटपौर्णिमा. वडाला सूत गुंडाळून घरी आले तर किराणा दुकानदाराच्या पोरानं व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवलेला. मराठवाड्यातल्या आमच्या गावच्या महिला मंडळाच्या दारावर, कुलपाच्या बरोबर वर नोटीस डकवली होती. इमारत धोकादायक आहे, तीस दिवसांत दुरुस्त करा, नाहीतर उतरवून घ्या. नोटीस अध्यक्षांच्या नावे होती. अध्यक्षा म्हणजे माझी आत्या, आणि तिला जाऊन सव्वीस वर्षं झाली होती.

मी पोस्टातून आदल्या वर्षीच निवृत्त झालेली. आयुष्यभर लोकांना फॉर्म भरायला शिकवलेले, त्यामुळे हे काम फार तर दोन महिन्यांचं असं वाटलं. पावणेतीन वर्षं लागली.

पहिलं काम नोटिशीला उत्तर देणं. साध्या कागदावर मुदतवाढीचा अर्ज केला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला. असा शिक्का प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक कागदावर घ्या. ‘ठेवून जा, बघतो’ असं कुणी म्हणालं तरी शिक्का मिळाल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. पुढे दोनदा याच शिक्क्यांनी मला वाचवलं.

मग बँक. दुरुस्तीसाठी मंडळाच्या खात्यातले पैसे काढावेत असा माझा भाबडा विचार. दहा वर्षांहून जास्त काळ व्यवहार नसला की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते, तशी आमचीही गेली होती. पैसे बुडत नाहीत, योग्य माणसाने मागितले की आपलीच बँक ते परत करते. पण योग्य माणूस कोण? ‘आजचे विश्वस्त कोण आहेत ते दाखवणारं परिशिष्ट एक आणा,’ असं काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं. तिला ते कुठून आणायचं हे माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

परिशिष्ट एक म्हणजे नोंदणीकृत संस्थेची जन्मपत्रिका. जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीतला तो उतारा. संस्थेचं नाव, पत्ता, विश्वस्त, उद्देश, मालमत्ता, सगळं त्यात असतं. नक्कल मिळवायला अर्जावर कोर्ट फी स्टँप लावायचा आणि नोंदणी क्रमांक लिहायचा. क्रमांक ‘एफ’नं सुरू होतो एवढंच एका ओळखीच्या वकिलांकडून कळलं. जुना रबरी शिक्का, पावतीपुस्तक, लेटरहेड यांवर तो असतो म्हणतात. आमचा सापडला १९८१ सालच्या हळदीकुंकवाच्या छापील आमंत्रणावर. आत्याच्या लोखंडी पेटीत, डांबरगोळ्यांच्या वासात.

नक्कल पाच आठवड्यांनी मिळाली. विश्वस्तांची शेवटची नोंद १९८९ची. सात नावं, त्यातल्या पाच जणी गेलेल्या. उरलेल्या दोघींपैकी एक नर्सबाई, वय ८८, आणि दुसरी अक्का, ७९. नर्सबाईंना ऐकू कमी येतं. मी कानाशी जाऊन ओरडून सांगितलं, तशा त्या म्हणाल्या, ‘मी अजून पदावर हाव का? मग एवढी वर्षं चहा कोण पाजायला पायजे होता मला?’

वकिलांनी चित्र स्पष्ट केलं. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांत काहीही बदल झाला, निवडणूक असो की मृत्यू, की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. आमच्या मंडळानं १९८९ नंतर एकही दिला नव्हता. वकिलांनी वाट अशी सुचवली: हयात दोघींनी जुन्या सभासदांची सर्वसाधारण सभा संस्थेच्या घटनेप्रमाणे, म्हणजे नियमावलीप्रमाणे, बोलवायची, नवी कार्यकारिणी निवडायची, आणि विलंब माफीच्या अर्जासह चेंज रिपोर्ट दाखल करायचा. शिवाय इतक्या वर्षांची हिशोबपत्रकं. व्यवहारच नाहीत तरी ‘निरंक’ म्हणून ती द्यावीच लागतात. एकही विश्वस्त हयात नसता तर रस्ता वेगळा आणि लांबचा असता. म्हणून तुमच्या गावात अशी बंद संस्था असेल आणि जुन्यांपैकी कुणी जिवंत असेल, तर हे काम याच वर्षी काढा.

पाच मृत्युदाखले गोळा करायला सप्टेंबर ते डिसेंबर लागले. दाखला मृत्यू जिथे झाला तिथल्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत मिळतो. एकींचा पुण्यात, एकींचा नांदेडला. नांदेडच्या दाखल्यावर नाव लाडकं आणि परिशिष्टात माहेरचं, त्यासाठी मुलाचं वेगळं शपथपत्र. या घरांमध्ये मी सहीसाठी जायचे आणि दोन-अडीच तासांनी बाहेर पडायचे, कारण प्रत्येकाकडे आईची काहीतरी गोष्ट होती.

पुण्याच्या लेकीनं सांगितलं ते मला ठाऊकच नव्हतं. रझाकारांच्या धामधुमीत आमच्याकडची बरीच कुटुंबं हद्दीपलीकडे वऱ्हाडात गेली होती. तिची आई तिथे नातेवाइकांकडे आठ-नऊ महिने होती. त्या गावात दर दुपारी बायका एका वाड्याच्या सोप्यात जमून वाचायच्या, रिंग खेळायच्या, पेटीवर गायच्या. हैदराबाद संस्थान भारतात आल्यावर, १९४८च्या दिवाळीआधी, ती परत आली आणि विहिरीवरच पहिलं बोलणं काढलं: आपल्याला असं काही का नाही? आमच्याकडे पुरुषांना ढाळज होती. ढाळज म्हणजे वाड्याच्या दाराशीच असलेली बैठक, पान खात बसायची. त्याशिवाय पार होता, चावडी होती, स्टेशनावरचं हॉटेल होतं. बायकांना आड होता, नदीचा घाट होता आणि देवळातलं कीर्तन. तिन्ही ठिकाणी जायला हातात काहीतरी लागायचं, घागर, धुणं नाहीतर निरंजन. रिकाम्या हातानं जाऊन नुसतं बसायची जागा एकही नव्हती.

परिशिष्टात चल मालमत्ता दाखवायची म्हणून आत्याची पेटी पूर्ण रिकामी केली. खाली डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे सामानाची नोंदवही, निघालं. कोरडा शब्द आहे, पण मी ते आडवी पडून कादंबरीसारखं वाचलं. सतरंज्या चार. पेट्रोमॅक्स एक, ‘मँटल वेगळे’. शिलाई यंत्रं तीन. हार्मोनियम एक, पुढे लाल शाईत ‘दुरुस्तीस गेली’ आणि परत आल्याची नोंद नाही. कॅरम बोर्ड दोन. रबरी रिंगा सहा. मर्फी रेडिओ. ‘पुरुषी पोशाख, नाटकाकरिता: धोतर दोन, कोट एक, मिशा चार.’ चार मिशा! अक्काला विचारलं तर ती लाजली. एकांकिकेत ती नेहमी सासरा व्हायची. प्रयोग फक्त बायकांसाठी, दाराशी दोघी पहारा द्यायच्या, आणि तरी मागच्या लिंबावर पोरं चढून बसायचीच. तिचा नवरा त्यांतला एक होता हे तिला लग्नानंतर कळलं.

प्रोसिडिंग बुकं, म्हणजे सभांच्या नोंदीच्या वह्या, अकरा. मंडळाची वेळ दुपारी दोन ते पाच: भांडी आटोपल्यावर आणि दिवेलागणीच्या पुष्कळ आधी. सोमवार-बुधवार शिवण, मंगळवारी भजन, आणि शुक्रवारपुढे नुसतं ‘इतर’ लिहिलेलं. ‘इतर’मध्ये काय होतं ते मी लहानपणी पाहिलंय, कारण १९७०नंतर आत्याचं बोट धरून मी तिथे जायचे. पत्त्यांत मेंडीकोट. ओसरीत गजगे, साठीच्या बाया पोरींसारख्या मांडी घालून. पंचमी जवळ आली की झोका, फुगड्या, झिम्मा. नव्या नवरीला घेरून नाव घ्यायला लावायचं, आणि तिने घेतलेलं नाव सपक निघालं तर दुसरं घ्यायला लावायचं. शुक्रवारची हजेरी शिवणाच्या दुप्पट आहे. रजिस्टरच तसं सांगतं.

१९६४चा एक ठराव जसाच्या तसा उतरवते: ‘सहलीस येणाऱ्या भगिनींनी घरून परवानगी आणावी. न आणल्यास मंडळ जबाबदार नाही.’ सहल होती औंढ्या नागनाथाची, एसटीनं, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. पुढच्याच पानावर अडतीस बायकांची नावं आणि प्रत्येकीसमोर ‘प. आ.’. आठ नावांपुढे अक्षर मात्र एकाच हातचं वाटतं. १९७७ मध्ये पैठणला गेल्या. आदल्या वर्षी जायकवाडीचं उद्घाटन झालेलं, ते एवढं पाणी बघायला. त्या यादीत ‘प. आ.’चा रकाना नाही.

सगळं गोड नव्हतं, तेही लिहिते. पहिल्या पंधरा वर्षांच्या हजेरीत वकील, डॉक्टर, व्यापारी आणि देशमुखांच्याच घरच्या बायका दिसतात. खालच्या गल्लीतल्या बाया शिवण शिकायला यायच्या, पण शुक्रवारी नाही. नर्सबाई १९७१ मध्ये सभासद झाल्या तेव्हा चहाच्या कपावरून कुजबुज झाली होती. त्यांनी दुसऱ्या शुक्रवारी सगळ्यांना आपल्या घरी चहाला बोलावलं. सहा जणी आल्या. ‘त्या सहा जणींच्या जिवावर मी इथं टिकले,’ एवढंच त्या म्हणतात. दुष्काळात, १९७२च्या डिसेंबरपासून पुढे सात महिने, शुक्रवारच नाही. मंडळात पोरांना सुकडी वाटली जायची आणि वह्यांमध्ये फक्त डबे मोजलेले आहेत. आणि हळदीकुंकू. विधवा बायका शिवण चालवायच्या, हिशोब ठेवायच्या, पण संक्रांतीला घरी बसायच्या. जानेवारी १९७५च्या नोंदीत पहिल्यांदा ‘तिळगूळ समारंभ’ हा शब्द येतो. त्याआधी यावरून दोन बैठका मोडल्याचं अक्का सांगते, वहीत मात्र त्या बैठका नाहीत.

पेटीच्या तळाशी एक पिवळा दस्त होता, निजामी स्टँपपेपरवर उर्दूत. जुन्या मराठवाड्यात हे नेहमीचं आहे, घाबरायचं कारण नाही. गावातल्या उर्दू शाळेचे निवृत्त हेडमास्तर सर डोळ्यांवर भिंग धरून तीन दुपारी बसले. तारीख १३६० फसली, म्हणजे निजामी सरकारी सालातली. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन साधारण येतं, म्हणजे १९५०-५१. दस्त बक्षीसपत्राचा. देशमुखांच्या घरातल्या एका बाईंनी आपल्या वाट्याची जागा दिली होती. नोंदणीचा खर्च हालीत, म्हणजे निजामाच्या रुपयांत, लिहिलेला, बाजूला कुणीतरी पेन्सिलीनं त्याचे कलदार, म्हणजे भारत सरकारचे रुपये, करून ठेवलेले. सात हालीचे सहा कलदार हे माझी आजीही तोंडी करायची. जागा कशासाठी, त्या ओळीवर सर थांबले, परत वाचली आणि मग मोठ्यानं म्हणाले, ‘मस्तुरात के उठने-बैठने और दिल बहलाने के वास्ते.’ बायकांच्या उठण्याबसण्यासाठी आणि मन रमवण्यासाठी.

माझ्याकडची मंडळाची १९६२ची घटना वेगळंच बोलते: शिवण-भरतकाम, बालवाडी, प्रौढ साक्षरता, आरोग्य. तोवर केंद्रीय समाजकल्याण मंडळाची अनुदानं अशा कामांना मिळू लागली होती, आणि सासऱ्यालाही ‘शिवण शिकायला चालले’ एवढंच सांगता येत होतं. मन रमवायला अनुदान कोण देणार? पण जागा देणाऱ्या बाईंनी खरं तेच लिहून ठेवलं होतं. जुन्या फोटोंमध्ये त्या दिसतात, हळदीकुंकवाच्या नाही, सहलीच्या. विधवेच्या आलवणात, अगदी कडेला, हातात रिंग.

सर पैसे घेईनात. त्यांच्या बेगमना मी दोन किलो करडईचं घाण्याचं तेल नेऊन दिलं. भाषांतरावर सरांचं शपथपत्र नोटरीपुढे करून घेतलं. नुसतं भाषांतर चालत नाही.

२२ जानेवारी २०२३, रविवारी सभा. रथसप्तमीच्या आतला रविवार मुद्दाम धरला, बायका एरवी निघत नाहीत. नोटीस पंधरा दिवस आधी, आणि ती मिळाल्याच्या सह्या प्रत्येकीच्या घरी जाऊन. त्या सह्यांचा कागद अर्जाला लागतोच. जुन्या सभासद एकोणीस जमल्या. माझंही नाव १९८७च्या यादीत निघालं, वर्गणी पाच रुपये. सभा देवळाच्या सभामंडपात घेतली, कारण मंडळाचे पत्रे खाली आलेले. नर्सबाई अध्यक्षस्थानी. ठराव अर्ध्या तासात झाले, मग तिळगूळ, मग कुणीतरी फुगडीला हात पुढे केला. सत्तरीच्या दोघी घेरी येईपर्यंत फिरल्या आणि माझा हजेरीचा कागद पायाखाली फाटला. चिकटपट्टी लावून तोच सादर केलाय.

चेंज रिपोर्ट १० एप्रिलला दाखल केला. नव्वद दिवस सभेपासून मोजायचे, हे विसरू नका. सोबत ठराव, हजेरी, नव्या सात जणींची संमतीपत्रं, मृत्युदाखले, विलंब माफीचं शपथपत्र. सुदैवानं मार्चमध्येच एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, त्यामुळे जिल्ह्याच्या वाऱ्या परवडल्या. एकूण चौदा तारखा पडल्या. पाच वेळा नुसती पुढची तारीख घेऊन परतलो. त्या दिवशी चिडचिड व्हायची, रडूही आलं एकदा, स्टँडवर. नंतर आम्ही तिघी डबा नेऊ लागलो, धपाटे आणि दही. कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली पत्त्यांचा एक डाव व्हायचा. बेलिफ एकदा बघून गेला, काही बोलला नाही.

वर्तमानपत्रातल्या नोटिशीनंतर हरकत आली. जागा देणाऱ्या बाईंच्याच घरातल्या एकाची: जागा शिवणक्लाससाठी होती, क्लास १९९४ मध्ये बंद पडला, म्हणजे हेतू संपला. रस्त्यालगतच्या जागेचा आज काय भाव आहे ते सांगायला नको. मी हादरले, कारण क्लास खरंच बंद पडला होता. १९८७ मध्ये घरोघरी टीव्ही आल्यावर शुक्रवार ओसरला, ९३च्या किल्लारी भूकंपानंतर गोधड्या गोळा केल्या ते शेवटचं मोठं काम, आणि पुढे बचत गट आले. बचत गटांनी बायकांच्या हातात पैसा दिला, ते मी नाकारत नाही. पण तिथे मी अनेकदा बसलेय. हप्ता, सही, उठा. आणि खरं तर मंडळ बंद पडलं ते आमच्या पिढीनं जाणं सोडलं म्हणून. मी नोकरीचं कारण सांगायचे.

वकिलांनी उर्दू दस्त आणि भाषांतर दाखल केलं. अधिकाऱ्यांनी बजावलं की जागेचा मालकी वाद इथे ठरत नाही, त्याला दिवाणी कोर्ट आहे. तरी समोरच्या वकिलांनी ‘उठने-बैठने’वाली ओळ दोनदा वाचली. पुढच्या दोन तारखांना ते आलेच नाहीत.

ऑगस्ट २०२४ मध्ये निरीक्षक पाहणीला आले. ‘सध्या उपक्रम काय?’ तयारीत होतो, वृक्षारोपणाचे फोटो काढून ठेवले होते. नर्सबाईंना प्रश्न ऐकूच गेला नाही, त्यांनी निरीक्षकांना गजगे खेळता येतात का विचारलं. अहवालात त्यांनी ‘महिला एकत्र जमतात’ असं लिहिलं.

डिसेंबर २०२४ मध्ये बदल मंजूर झाला. अपिलाचे साठ दिवस जाऊ दिले आणि मार्च २०२५ मध्ये नवं परिशिष्ट, संस्थेचं पॅन आणि ठराव घेऊन बँकेत गेले. व्याजासकट अकरा हजार चारशे मिळाले. पत्र्यांनाही पुरले नाहीत, वर्गणी काढली. खर्च विचाराल तर वकील पंधरा हजार, हिशोबपत्रकांचे नऊ हजार, वर्तमानपत्रातली नोटीस अठराशे, नोटरी-स्टँप-झेरॉक्स साडेतीन हजार, प्रवास चारेक हजार. तिघींनी वाटून घेतला. पावत्या एका पिशवीत ठेवा, चेंज रिपोर्ट मंजूर झाल्यावर नव्या कार्यकारिणीकडून ठराव करून पैसे परत घेता येतात. आम्ही अजून घेतले नाहीत.

मालमत्ता पत्रकावर आत्याचंच नाव आहे, ते बदलायचं काम आता सुरू केलंय. शुक्रवारी चौदा-पंधरा जणी येतात. खालच्या गल्लीतल्या चार आहेत, सरांची सून आहे. कॅरमच्या सोंगट्या नव्या आणल्या, बोर्ड तोच. वीज मीटरचा अर्ज दोनदा परत आलाय, म्हणून सध्या डाव उजेड असेपर्यंतच चालतो.